नकाशा लहान-मोठा करा, माप मात्र खरे ठेवा

तराजूत दांडी मारणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पवित्र कुरआनातील ८३ व्या सूरहचे नावच माप-तोलात कसर करणाऱ्यांवरून पडले आहे. हजरत शुऐब (अलैहिस्सलाम) यांनी मदयनच्या व्यापाऱ्यांना अल्लाहच्या भक्तीबरोबर पूर्ण माप देण्याची ताकीद केली होती. जुम्याच्या खुत्ब्यात हे आपण अनेकदा ऐकतो आणि ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर कापडाचा गज, किराणा दुकानातला काटा किंवा सोनाराची रत्ती येते. परंतु आपल्या सुतार, लोहार, जाळीकाम करणारे, साचेवाले आणि दागिने घडविणारे यांच्या धंद्यात आता आणखी एक तराजू येऊन बसला आहे. तो संगणकाच्या पडद्यावर असतो आणि त्याचे नाव आहे कॅडचा नकाशा.

ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर प्रथम १९८२ साली आले. सुरुवातीला ते इंजिनियर आणि आर्किटेक्ट यांच्या कचेरीपुरते होते. आज गल्लीबोळातील राउटर आणि लेझर कटिंगवाल्याकडेही ते किंवा त्याच्यासारखे दुसरे सॉफ्टवेअर असते. नक्षी एकदा काढली की ती लहान किंवा मोठी करणे म्हणजे एक आदेश आणि एक आकडा. नेमकी ही सोयच आपल्या अनेक बांधवांना महागात पडत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नकाशा मोठा करणे ही बटण दाबण्याची बाब नसून हिशेबाची आणि जबाबदारीची बाब आहे. जो हा हिशेब करणार नाही, तो एक तर स्वतःचे नुकसान करील किंवा गिऱ्हाइकाचे. दोन्ही गोष्टी वाईटच.

मिंबरचा धडा

उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगतो. एका लहान मशिदीसाठी आमच्या कारखान्यात प्लायचा मिंबर तयार केला होता. तीन पायऱ्या, दोन्ही बाजूंना जाळी. काम सर्वांना आवडले. काही महिन्यांनी दुसऱ्या मोहल्ल्यातील मोठ्या मशिदीची कमिटी आली आणि म्हणाली, "हाच मिंबर हवा, फक्त दीडपट." मी आनंदाने होकार दिला, जुन्या भावाच्या दीडपट भाव सांगितला आणि बयाणा घेतला. जुनी फाइल उघडून सर्व नकाशा निवडला, स्केलचा आदेश दिला, १.५ हा आकडा टाकला आणि फाइल कटिंगला पाठविली. दोन मिनिटांचे काम!

पहिली ठेच लागली ती लाकडाच्या वखारीतच. पहिल्या मिंबरला ८ बाय ४ फुटांची प्लायची चार शीट लागली होती. दीडपट म्हणजे सहा शीट, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात लागली नऊ. कारण लांबी दीडपट झाली तशी रुंदीही दीडपट झाली आणि दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोनपट. तीन शीटचे पैसे माझ्या खिशातून गेले. बाजूची फळी मुळात ९०० मि.मी. रुंद होती, ती १३५० झाली. शीटची रुंदी १२२० मि.मी. असते. म्हणजे अखंड फळी निघेना, जोड द्यावा लागला.

एवढ्यावर भागले नाही. फळ्या कापून आल्या आणि उस्तादांनी जोडायला घेतल्या. पहिल्या नकाशात १८ मि.मी. प्लायच्या कुसवासाठी १८ मि.मी.ची खाच होती. नकाशा दीडपट झाला तेव्हा खाच २७ मि.मी. झाली. प्लाय मात्र तीच, १८ ची. प्रत्येक जोडात ९ मि.मी.ची फट! पायरी मुळात १८० मि.मी. उंच होती, ती २७० झाली. आमचे उस्ताद शांतपणे म्हणाले, "मियां, मिंबर दीडपट झाला, पण खतीबसाहेबांचे पाय दीडपट झाले नाहीत."

शेवटी ८१० मि.मी. उंचीत १६२ मि.मी.च्या पाच पायऱ्या नव्याने बसविल्या आणि प्रत्येक खाचेत पट्ट्या भरून जोड घट्ट केले. काम उशिरा पण नीट झाले. मात्र एक गोष्ट लपवीत नाही. नुकसानीचा आकडा समोर आला तेव्हा त्यातला काही भाग कारागिरांच्या मजुरीतून कापावा, असा विचार माझ्या मनात आला होता. उस्तादांनी तो ओळखला असावा. ते म्हणाले, "मी फळी पाहिली. नकाशा तुम्ही पाहिला होता." त्यावर मला उत्तर नव्हते आणि आजही नाही.

लांबी, क्षेत्र आणि घनफळ

या धड्यातील पहिली गोष्ट प्रत्येक व्यापाऱ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. नकाशा दुप्पट केला तर लांबी दुप्पट होते, क्षेत्र चौपट होते आणि घनफळ आठपट होते. पत्रा, प्लाय, रंग आणि पॉलिश यांचा खर्च क्षेत्रावर असतो. ओतकामाच्या धातूचा खर्च घनफळावर असतो. पितळेची गुलाबदाणी सर्व बाजूंनी, भिंतीच्या जाडीसकट, दुप्पट केली तर धातू आठपट लागेल. जाडी तीच ठेवून फक्त आकार दुप्पट केला तर साधारण चौपट लागेल. गिऱ्हाईक म्हणते "डबल साइज" आणि आपण सांगतो "डबल भाव", येथेच घाट्याची सुरुवात होते.

जाळीच्या कामात आणखी एक पेच आहे. जाळी दीडपट मोठी करायची म्हणजे तीच नक्षी ताणून मोठी करायची, की नक्षी तेवढीच ठेवून तिची घरे वाढवायची? नक्षी मोठी केली तर माल सव्वादोनपट लागतो, पण कापाची लांबी दीडपटच वाढते. घरे वाढविली तर माल आणि काप दोन्ही सव्वादोनपट होतात. कटिंगचे पैसे कापाच्या लांबीवर किंवा मशीनच्या मिनिटांवर द्यावे लागतात, म्हणून भाव सांगण्यापूर्वी हा प्रश्न गिऱ्हाइकाला विचारलाच पाहिजे. दिसण्यातही फरक पडतो. मोठ्या घरांची जाळी आडोसा कमी करते आणि उजेड ढोबळ पाडते.

सर्वच वाढवायचे नसते

दुसरी गोष्ट अशी की नकाशातील काही मापे माणसाची असतात, काही बाजारातील मालाची असतात आणि काही मशीनची असतात. यांपैकी एकही आपल्या आदेशाने बदलत नाही. पायरीची उंची, बैठकीची उंची, दाराच्या मुठीची जागा ही माणसाची मापे. प्लायची जाडी, बिजागरी, स्क्रू, कुलूप, काच ही बाजाराची मापे. राउटरच्या बिटचा व्यास आणि लेझरच्या कापाची रुंदी ही मशीनची मापे. ६ मि.मी.चा बिट ६ मि.मी.पेक्षा अरुंद खाचेत जाणार नाही, नकाशात ती कितीही सुबक दिसो.

अंगठी घडविणाऱ्या बांधवांना हे लवकर समजेल. आतला व्यास १६ मि.मी. आहे, गिऱ्हाइकाला १६.८ हवा. म्हणून सबंध नकाशा पाच टक्के वाढविला तर ३ मि.मी.च्या खड्याचे घर ३.१५ मि.मी. होते. खडा हलतो आणि एक दिवस पडतो. कडे मोठे करावे, घर तसेच ठेवावे, हे हाताने काम करणाऱ्या सोनाराला सांगावे लागत नव्हते. संगणकाला मात्र सांगावे लागते.

आपल्या जुन्या उस्तादांना स्केल कळत नव्हते, असे कोणी समजू नये. ओतकामाचे साचे करणारे कारागीर संगणक येण्यापूर्वीपासून साचा मूळ वस्तूपेक्षा थोडा मोठा करीत आले, कारण धातू थंड होताना आक्रसतो. बिडासाठी साधारण एक टक्का, ॲल्युमिनियमसाठी साधारण १.३ टक्के. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी पट्टीच असे. काय वाढवायचे, किती वाढवायचे आणि का वाढवायचे, हे त्यांना ठाऊक होते. तरुण ऑपरेटरला "कसे" वाढवायचे एवढेच ठाऊक असते.

इंच, सूत आणि मि.मी.

तिसरा घोळ परिमाणाचा. आपला सुतार आजही फूट, इंच आणि सूत बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून एक इंच म्हणजे नेमके २५.४ मि.मी. मानला जातो, त्या हिशेबाने एक सूत ३.१७५ मि.मी. होते. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण हातातली टेप अजून दोन भाषा बोलते. कॅडच्या पडद्यावर तर कित्येकदा भाषाच नसते. तेथे नुसता आकडा असतो. ३६ म्हणजे ३६ इंच की ३६ मि.मी., हे फाइलमध्ये परिमाण नोंदलेले नसेल तर समोरच्या मशीनवाल्याला कळणार कसे? इंचात काढलेली फाइल मि.मी. समजून उघडली तर वस्तू २५.४ पटीने लहान होते, उलट केले तर तेवढीच मोठी. एवढा मोठा फरक निदान डोळ्याला दिसतो. खरी भीती लहान फरकांची आहे. तीन सुतांना कोणी ९ मि.मी. धरतो, कोणी १०. खरे माप साडेनऊच्या थोडे वर आहे. दहा जाळ्या एकाला एक लावल्या की हाच फरक चौकटीत मावत नाही.

परिमाणाच्या चुकीने मोठमोठ्यांना सोडलेले नाही. १९९९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेचे मंगळावर पाठविलेले एक यान केवळ या कारणाने गमावले गेले की, एका बाजूचे सॉफ्टवेअर इंग्रजी परिमाणात आकडे देत होते आणि दुसरी बाजू ते मेट्रिक समजत होती. तेव्हा आपण आपल्या फाइलच्या कोपऱ्यात "सर्व मापे मि.मी. मध्ये" एवढे चार शब्द लिहिण्यात कमीपणा मानू नये.

कागदावरून माप घेऊ नका

अनेक ठिकाणी नकाशाच मुळात लहान काढतात, का तर तो कागदावर मावावा. ही सवय सोडली पाहिजे. कॅडमध्ये वस्तू नेहमी खऱ्या मापाने, म्हणजे एकास एक काढावी. तीन मीटरचा दरवाजा तीन हजार मि.मी.चाच काढावा. लहान करायचा तो कागद. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये लेआउट नावाची वेगळी जागा असते. तेथे नकाशाची खिडकी ठेवून तिला एकास दहा, एकास वीस असे प्रमाण द्यावे. म्हणजे वस्तूला हात लागत नाही आणि छपाई हवी तशी निघते.

छपाईतही फसगत होते. छापताना "पानात बसवा" हा पर्याय निवडलेला राहिला की, यंत्र गुपचूप नकाशा आकसते. ए-३ कागदाचा नकाशा ए-४ वर छापला तर तो साधारण ७१ टक्के होतो, हे लगेच लक्षात येते. परंतु १०० ऐवजी ९६ टक्के झाला तर डोळ्याला समजत नाही. मग कारागीर कागदावर पट्टी ठेवून माप घेतो आणि १००० मि.मी.च्या जागी ९६० कापतो. म्हणून नियम असा असावा की, कागदावर लिहिलेला आकडा वाचायचा, कागद मोजायचा नाही. शिवाय प्रत्येक नकाशात शंभर मि.मी.ची एक रेघ मापासाठी छापावी. छापलेली रेघ पट्टीवर पडताळली की यंत्राचे कपट उघडे पडते.

गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो पाठवून "असेच करा" म्हणते, तेव्हा स्केल आदेशातील रेफरन्स हा पर्याय उपयोगी पडतो. फोटोवरून रेषा काढाव्यात, एका ज्ञात लांबीची दोन टोके दाखवावीत आणि खरी लांबी टाकावी. गुणाकार संगणक करतो. पण फोटो तिरका घेतलेला असेल तर रुंदी बरोबर येईल आणि उंची चुकेल. म्हणून दुसरे आडवे-उभे माप आणि एक कर्ण प्रत्यक्ष जागेवर टेपने घेतल्याशिवाय काप सुरू करू नये.

ओले धान्य, कोरडा आकडा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला, त्याकडे येतो. कॅडमध्ये मापाचा आकडा संगणक स्वतः मोजून लिहितो. परंतु तो आकडा पुसून त्या जागी हाताने दुसरा आकडा टाकता येतो. नकाशा ११९० मि.मी.चा आहे, गिऱ्हाइकाला १२०० दिसायला हवेत, तर रेषा न सुधारता आकडाच बदलला जातो. वेळ वाचतो. पण पुढे तो नकाशा कोणी दीडपट केला की बाकी सर्व आकडे आपोआप बदलतात आणि हा हाताने लिहिलेला आकडा तसाच राहतो. मशीन आकडा वाचीत नाही, रेषा वाचते.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतला माल ओला लागला. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, अशी त्यांनी विक्रेत्याची कानउघाडणी केली, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. खोटा आकडा लिहिलेला नकाशा म्हणजे तीच रास. वर कोरडा आकडा, आत ओली रेषा. "आम्ही फसविण्यासाठी नाही, घाईत केले" हे कारण गिऱ्हाइकासमोर चालत नाही. अल्लाहसमोर तरी चालेल काय?

अक्षरांची अमानत

आपल्यातील पुष्कळ बांधव आयती, कलमा आणि मशिदींची नावे धातूत व लाकडात कापून देतात. येथे तर जबाबदारी दुप्पट आहे. अरबी लिपीत बे, ते आणि से यांचा सांगाडा एकच. फरक नुकत्यांचा. नकाशा चौथाई केला की ४ मि.मी.चा नुकता १ मि.मी. होतो. तो मशीनला नीट कापता येत नाही किंवा पॉलिशमध्ये बुजतो. नुकता गेला की अक्षर बदलले आणि अक्षर बदलले की अर्थ बदलला. त्याचप्रमाणे मीम किंवा वावच्या पोकळीला धरून ठेवणारा बारीक दुवा लहान केल्यावर तुटतो.

पाटीची जागा रुंद आहे म्हणून अक्षरे नुसती आडवी ताणणे, हाही प्रकार सर्रास दिसतो. दहाव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेले इब्न मुक्ला (मृत्यू इ.स. ९४०) यांनी कलमाच्या नुकत्याला एकक मानून प्रत्येक अक्षराचे प्रमाण बांधून दिले. म्हणजे खत्तातीचा पायाच प्रमाणावर आहे. ताणलेल्या अक्षरात नुकते लांबट होतात आणि सारे प्रमाण मोडते. जागा भरायची असेल तर खत्तात अक्षराची कशिश वाढवितो, ओळ नव्याने बांधतो. ज्याला हे जमत नाही त्याने जाणकार खत्ताताला विचारावे आणि कापण्यापूर्वी एखाद्या आलिमकडून वाचून घ्यावे.

मोठ्यांनाही हा प्रश्न चुकला नाही

औरंगाबाद म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबरा आपण सर्वांनी पाहिला असेल. सतराव्या शतकातील या इमारतीचे शिल्पकार अताउल्लाह. ताजमहालचे शिल्पकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे ते पुत्र. मकबरा ताजपेक्षा लहान आहे आणि त्याचे मिनार मुख्य इमारतीच्या अंगाशी दाटून उभे असल्यासारखे वाटतात, असे अनेक जाणकार म्हणतात. इमारत सुंदरच आहे, तिला नावे ठेवण्याचा हेतू नाही. सांगायचे एवढेच की, थोर वास्तू लहान करताना प्रमाणाचा प्रश्न पुन्हा नव्याने सोडवावा लागतो, हे इतक्या मोठ्या घराण्यालाही चुकले नाही. मग आपण एका आकड्यात तो सुटेल, असे कसे समजतो?

करायचे काय?

काही बांधव म्हणतील, "चाळीस वर्षे हाताने काम केले, संगणक हवाच कशाला?" त्यांना माझे सांगणे असे की, गिऱ्हाईक आता फाइल घेऊन येते. ती उघडून मोजता आली नाही, तर आपण दुसऱ्याच्या चुकीचे हमाल होऊ. उलट काही तरुण म्हणतील, "संगणक चुकत नाही." खरे आहे, तो चुकत नाही. तो आपली चूकच अत्यंत अचूकपणे कापून देतो!

म्हणून प्रत्येक कारखान्यात तरुण ऑपरेटर आणि जुने उस्ताद यांना एका बाकावर बसवावे. मोठा किंवा लहान केलेला प्रत्येक नकाशा कापण्यापूर्वी उस्तादांनी पाहावा आणि पाच मापे तपासावीत: एकूण लांबी, एकूण रुंदी, एक कर्ण, मालाची जाडी आणि सर्वांत बारीक भाग. मूळ फाइलला हात न लावता नवी प्रत करावी आणि तिच्या नावातच माप लिहावे. गिऱ्हाइकाची सही अंतिम आकड्यांवर घ्यावी. ज्याने फाइल मंजूर केली, नुकसान त्याने सोसावे. कापणाऱ्याच्या किंवा जोडणाऱ्याच्या मजुरीला हात लावू नये. मालक बांधवांना हे कडू वाटेल, मलाही वाटले होते.

सॉफ्टवेअर महाग आहे म्हणून चोरीची प्रत वापरण्याचेही कारण उरलेले नाही. लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड ही सॉफ्टवेअर विनामूल्य व कायदेशीर मिळतात आणि आपल्या बहुतेक कामांना पुरेशी आहेत. आपल्या शिक्षणसंस्थांनी आणि जमातींनी सुट्टीत मुलांना ती शिकवावीत, पण त्याच वर्गात एक दिवस उस्तादांनाही बोलवावे आणि मुलांच्या हातात टेप द्यावी.

आमच्या कारखान्यात त्या मिंबरची २७ मि.मी.ची खाच असलेला एक तुकडा अजून मशीनजवळ टांगलेला आहे. नवा मुलगा कामाला आला की उस्ताद त्याला आधी तो तुकडा दाखवितात आणि हातात १८ मि.मी.ची प्लाय देऊन म्हणतात, "बसवून दाखव." त्यानंतरच संगणक सुरू होतो.